फुलाआधी तेल

मी एक जुना, बुटका लेथ आहे, मित्रांनो. धातू फिरवून कातणे हे माझे काम. पुंडलिक नावाच्या टर्नरने मला फहाहीलच्या भंगारातून उचलले आणि कुवेतमधल्या रिग्गईतल्या आपल्या खोलीत शेगडीशेजारी मांडले. शेगडीवर बांगड्याचे तिखले उकळायचे आणि माझ्यावर पोलादी साचे फिरायचे. या साच्यांना डाय म्हणतात; होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, तोंडावर धातूची टोपी त्यांच्या भोकातून दाबून घट्ट बसवतात. डायचे भोक केसभर वाढवायचे असले की लोक माझ्याकडेच येत. मग काय, मी फुगून जायचो.

खंडेनवमीला मात्र मला सुट्टी. पुंडलिक मला रॉकेलने धुऊन लखलखीत करी. कुंकू पसरू नये म्हणून तेलाचा थेंबही अंगावर ठेवत नसे. तेल दसऱ्याला सकाळी. त्याचा गाववाला बाळा वफ्राच्या शेतावर राबायचा, तो झेंडूची माळ आणून देई.

यंदा माळ घालून झाली होती, तेवढ्यात बाळा धापा टाकत आला. हातात डाय.

“दादा, ग्रीनहाउसची होज फुटली. नवी होज जाड आसा, तिची टोपी ह्या डायमधून जायत नाय. दुपारपर्यंत पाणी सुरू झाला नाय तर रोपां करपतली. मुकादम माका घराक धाडतलो.”

“आज यंत्राक हात लावूचो नाय, बाळा.”

“मगे जाव खंय? आज जुम्मा, सगळी वर्कशॉपां बंद.”

पुंडलिकने देवाच्या तसबिरीला हात जोडले. मग त्याने माळ काढून बाळाच्या हातात दिली आणि बटण दाबले.

अरे, आधी तेल! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण यंत्राची ओरड माणसाला घरघर वाटते. डाय कडक आहे म्हणून आवाज येतोय, असे त्याला वाटले. ज्या बुशात माझा दांडा फिरतो ते कोरडे बूश तापू लागले. दोनदा वाटले, थांबावे. थांबलो तर बाळाची नोकरी जाणार. मी फिरत राहिलो. मला फार भीती वाटत होती.

भोक मापात आले. बाळा डाय घेऊन पळाला. पुंडलिकने मला बंद केले, तसा माझा तापलेला दांडा बुशात चिकटून आपोआप जागच्या जागी जखडला.

त्याने हात लावला तो चटका बसला. “तेल घालूक इसारलंय रे,” तो म्हणाला आणि फडक्याने धरून दांडा फिरवू लागला, पण तो हलेना.

रोपे वाचली. बाळा अजून वफ्रालाच आहे, दर जुम्म्याला येऊन माझ्यावर एक फूल ठेवतो. माझे बूश आता कुठे मिळत नाही. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, म्हणतो, हे भंगार हलवा. मला पुन्हा भंगारात जायचे नाही, मित्रांनो. मला फिरायचे आहे.

तुमच्या घरातल्या यंत्रांची पूजा जरूर करा. पण फुलाआधी तेल घाला, वेळेवर घाला. पुंडलिक आता मला रोज सकाळी तेल घालतो. ते आत जात नाही, बाहेरून ओघळून फरशीवर सांडते. तो ते पुसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालतो.