योहानआबांची ईस्टरची थट्टा

फलटणच्या लेकीकडून मिरजेला परतलेल्या योहानआबांना सुनेनं, मार्थानं, मागल्या खोलीत कोंडलं. त्यांना साधा खोकलाही नव्हता, पण लॉकडाऊन लागलेला आणि तिला तेवढं निमित्त पुरलं. ती उंबऱ्यावर ताट आदळायची आणि पळायची, जणू आत सासरा नव्हे, पिसाळलेलं कुत्रं होतं.

म्हणून ईस्टरच्या पहाटे आबांनी डाव टाकला. घरची रीत अशी, की मुलानं दारात येऊन "प्रभू उठला आहे!" म्हणायचं, थोरल्यानं "खरोखर उठला आहे!" असा जबाब द्यायचा आणि मगच कांद्याच्या सालीत रंगवलेली अंडी फोडायची. आज जबाबच द्यायचा नाही. मेलो समजून बडवू देत ऊर, मग उठून बसू!

"प्रभू उठला आहे!" त्यांचा मुलगा अमोस दाराबाहेरून ओरडला.

आबा तोंडावर उशी दाबून हसत पडून राहिले.

"आबा? आवं आबा!"

"दार उघडू नका," मार्था म्हणाली. "महापालिकेला फोन लावा, ती माणसं नेतील उचलून."

आबा रडण्याची वाट बघू लागले.

"लावतो," अमोस म्हणाला. "पण आधी अंडी खाऊन घिऊ, आबांच्या वाट्याचं बी. ती माणसं आल्यावर कुठलं खायाला मिळतंय?"

बाहेर टरफलं फुटू लागली. आबांनी उशी भिरकावली आणि घसा फाडून जबाब दिला, "खरोखर उठला आहे!"



"आता गं बया," मार्था करवादली, "परत अंडं उकडाय लागणार!"