अनंतपूर वर घे

"गुंटूर खाली आण, अनंतपूर वर घे," नागमणी म्हणाली. बोलताना तिने मान वर केली नाही, अंबाडीची पानं निवडत राहिली.

हरिप्रियाच्या हातात मोबाइल होता. कॉलेजांचा पसंतीक्रम बदलायचा आजचा शेवटचा दिवस. सकाळीच तिने गुंटूरचं विद्यापीठ पहिलं टाकलं होतं. तेनालीहून तासाभराची बस, रोज संध्याकाळी घरी. अनंतपूर म्हणजे रात्रभराची आगगाडी आणि वसतिगृह.

"अम्मा, गुंटूरला कॉम्प्युटर मिळतंय. लोक जीव टाकतात त्याच्यासाठी."

"लोकांचं राहू दे. तुला काय हवंय?"

हरिप्रियाला विजेचं इंजिनिअरिंग करायचं होतं आणि तिच्या गुणांना ते अनंतपूरलाच मिळत होतं. बाप गेल्यापासून हे वेड तिच्या डोक्यात बसलं होतं. सुब्बाराव, तिचा नान्ना, वीजखात्यात लाइनमन. बंद आहे म्हणून सांगितलेल्या तारेला हात लावला आणि खांबावरच संपला. नागमणी अजूनही दिव्याचं बटण दाबताना बोटाला पदर गुंडाळते. आणि तिच्याच पोटच्या पोरीने त्या तारांच्या मागे लागावं! काय म्हणावं या नशिबाला?

"तुला नकोय ना ते?" हरिप्रियाने हळूच विचारलं.

"नकोच आहे. पण माझ्या भीतीपायी तू इथे अडकलीस, तर जन्मभर मलाच टोचत राहील."

"आणि तू? घरात एकटी?"

"शाळाभर पोरांचा भात शिजवते मी. कानठळ्या बसतात नुसत्या. एकटी कसली मेली!"

हरिप्रिया हसली, डोळे पुसले आणि अनंतपूर वर घेतलं. नागमणी निवडलेली पानंच पुन्हा निवडत बसली.

जागा मिळाली. निघायच्या संध्याकाळी शेजारची सरोजिनी भरली कळशी घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला समोरून सवाष्ण यावी, अशी तिथली रीत. नागमणीनेच तिला बोलावलं होतं. लोणच्याची बरणी पिशवीत नीट बसवून ती स्वतः मागच्या अंगणात निघून गेली. विधवेने अशा वेळी समोर येऊ नये, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"चल गं बाई, रिक्षा कधीची उभी आहे!" सरोजिनी ओरडली. "या कळशीने माझी कंबर मोडली."

"पिन्नी, अम्मा कुठाय?" मावशीच्या नात्याने हरिप्रिया तिला पिन्नी म्हणायची.

"मागे आहे. असू दे तिला तिथेच."

"मला समोर तीच हवी."

"खुळी की काय तू? पहिल्यांदा घर सोडतेस, तेसुद्धा विजेच्या कामाला!"

हरिप्रियाने बॅग तिथेच ठेवली आणि स्वयंपाकघर ओलांडून ती थेट मागच्या दारात आली. धुण्याच्या दगडापाशी उभ्या असलेल्या नागमणीने पावलं ओळखली, झटकन पाठ फिरवली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

"अम्मा, इकडे बघ ना."

"पुढच्या दाराने जा म्हणते ना!"

"मी नाही मानत हे असलं. नान्ना शेवटचे कामावर निघाले तेव्हा समोरून तूच आली होतीस. कुंकू लावून, सवाष्ण म्हणून. मग काय झालं त्याने?"

नागमणीने पदर आणखी खाली ओढला.

"म्हणूनच," ती म्हणाली.

हरिप्रियाला रडू आवरेना. तिने आईच्या पाठीवर कपाळ टेकलं, दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं. आई वळली नाही. बाहेर रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

"वेळेवर जेवत जा," नागमणी भिंतीकडे बघत म्हणाली. "ओल्या हाताने कशालाही शिवू नकोस."

फाटक वाजलं. सरोजिनीचा "ये, ये, सुखाने जा" असा आवाज आला. मग रिक्षा सुरू झाली, गल्लीच्या टोकाशी वळली आणि ऐकू येईनाशी झाली. तेव्हा कुठे नागमणीने तोंडावरचा पदर काढला आणि मागे वळून पाहिलं. दार उघडंच होतं.