बुरुलकानच्या नातीचं दूध

मित्रांनो, काचेच्या वस्तूला म्हातारपण सहसा लाभत नाही. त्याआधीच ती कुणाच्या तरी हातून फुटते. मला मात्र ते लाभलं. मी तान्ह्या बाळांची दुधाची बाटली आहे. अंगाने जाड, मानेशी अरुंद आणि पोटावर मापाच्या उठावदार रेषा.

खाली मैदानातल्या एका कारखान्यात मी जन्मले. वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा साच्यात पडला, आत हवेचा झोत घुसला आणि मला आकार आला. मग पेंढ्यात गुंडाळून आधी आगगाडीने आणि नंतर ट्रकने मला घाट चढवून डोंगरातल्या नारीन गावच्या सूतिकागृहात आणलं. तिथल्या दूधखोलीच्या खिडकीवर हिवाळ्यात आतल्या बाजूनेही बर्फ धरायचा.

त्या काळी बाळं आईजवळ ठेवत नसत. बाळं एका खोलीत, आया वरच्या मजल्यावर. घट्ट गुंडाळलेली बाळं ढकलगाडीवर पावांसारखी ओळीने निजवून ठरलेल्या वेळी वर नेत. मधल्या वेळात कुणी रडलं की आमची पाळी यायची. पावडरीचं दूध, कोमट पाणी, रबरी निपल. तुर्दुबुबू नावाची परिचारिका तेव्हा नवी होती. मला घासता घासता ती म्हणायची, "ही हातात कशी बसते बघा. बाकीच्या मेल्या निसटतात." ते ऐकून मी फुगून जायचे.

आमच्याकडचं पिऊन बाळं गाढ झोपत आणि वर नेली तरी झोपलेलीच राहत. आया छातीला फडकी बांधून कण्हत बसत. घरी जायची वेळ येईपर्यंत कित्येकींचं दूध आटलेलं असे. मग त्यांच्या हातात पावडरीचा डबा दिला जाई.

पुढे देश बदलला, झेंडा बदलला आणि काही वर्षांनी नियमही बदलले. बाळ आईच्या कुशीत ठेवायचं, बाटली द्यायची नाही, डबा डॉक्टरने सांगितल्याशिवाय उघडायचा नाही. माझ्या मैत्रिणी पेटीत भरून गेल्या. कुणात सूर्यफुलाचं तेल गेलं, कुणात व्हिनेगर. मी तेवढी काचेच्या कपाटात मागच्या रांगेत राहिले. झालं ते चांगलंच झालं. आयांना दूध येत होतं, बाळं बाळसं धरत होती, ते मला दिसत होतं. पण अंगावर धूळ साचायला लागली की वाईट वाटतंच, मित्रांनो.

एका हिवाळ्यात वीज सारखी जायला लागली. लोखंडी शेगडी एकाच खोलीत होती, म्हणून सगळ्या बायका त्या खोलीत आल्या आणि आमचं कपाटही तिथेच सरकवलं गेलं. त्या खोलीत मी चोल्पोनला पाहिलं.

ती वरच्या गावातून आली होती. बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं. मुलगी झाली होती, अगदी चिमणीएवढी. चोल्पोन तिला छातीशी धरायची, पोर ओठ लावायची आणि तशीच झोपी जायची.

शेजारच्या खाटेवर अनिपा होती. तिचे दिवस भरत आले होते आणि तोंड काही बंद व्हायचं नाही. नातेवाइकांना आत यायची परवानगी नसल्यामुळे ते खिडकीखाली बर्फात उभे राहून ओरडत. चोल्पोनला उठवत नव्हतं, म्हणून तिच्या माणसांशी बोलायचं काम अनिपाने अंगावर घेतलं होतं. खिडकीची वरची झडप उघडून ती ओरडायची, "अरे तालान्त, टोपी सरळ कर! मुलगी पहिल्यांदाच बघेल, तिला वाटेल बाप मेंढपाळाचा कुत्रा आहे!"

तालान्त, म्हणजे चोल्पोनचा नवरा, हसायचा. त्याची आई बुरुलकान हसायची नाही. "सुनेला विचार, दूध येतंय का? आमच्या घरात बायकांना दुधाचा तोटा नव्हता कधी!"

"येतंय म्हणावं," चोल्पोन हळूच म्हणायची.

येत नव्हतं. मला कपाटातून दिसत होतं. लंगोट कोरडाच निघत होता. पोरीचा रंग पिवळट होत चालला होता. तुर्दुबुबूचेही आता केस पिकले होते; सगळे तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत. ती येता-जाता म्हणायची, "येईल गं, धीर धर." पण म्हणताना तिची नजर कपाटाकडे जायची आणि लगेच दुसरीकडे वळायची.

एका दुपारी डॉक्टर नाझिरा आल्या. त्यांनी पोरीच्या तळव्याला टिचकी मारली. पोर हललीसुद्धा नाही. पुन्हा मारली. मान लुळी पडलेली होती. त्यांचा चेहरा बदलला.

"हिला आत्ताच्या आत्ता दूध हवं. चोल्पोन, तुझं उतरेल, पण ही तोवर थांबणार नाही. एजे, कपाट उघडा."

तुर्दुबुबू घुटमळली. "डॉक्टर, या आठवड्यात नियम पाळतो का ते तपासायला समिती यायचीय. डबा उघडलेला दिसला तर…"

"समितीचं मी बघते. तुम्ही पाणी उकळा."

"बाटली नको," चोल्पोन म्हणाली.

"ऐक जरा…"

"नको म्हटलं ना! माझा बेकजान बाटलीनेच गेला." तिने पोरीला पोटाशी असं आवळलं की डॉक्टरांना हात घालता येईना. "इथूनच डबा दिला होता. त्याच हिवाळ्यात गेला तो. मी हिला बाटली देणार नाही."

माझं तर अंगच गार पडलं. मी कधी चोल्पोनच्या घरी गेलेही नव्हते, पण माझ्याच जातीच्या कुणाच्या तरी तोंडून तो मुलगा शेवटचं दूध प्यायला होता.

अनिपाला राहवेना. पोट सावरत ती खिडकीशी गेली आणि तिने बुरुलकानला हाक मारली. "आपा! डॉक्टर डब्यातलं दूध द्या म्हणतायत आणि तुमची सून नाही म्हणतेय! पोर डोळे उघडत नाही! सांगा तिला काहीतरी!"

खालून बुरुलकानचा आवाज आला, पण एरवीसारखा चढा नव्हता.

"तिला सांग," ती म्हणाली, "डबा संपत आला होता."

"काय? ऐकू येत नाही!"

"डबा! बेकजानच्या वेळी!" आता ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडत होती. "घाट बंद होता, तालान्त पलीकडे अडकला होता. तुझ्या नकळत मी चमचाभर पावडरीत बाटलीभर पाणी घालत होते. सरपण ओलं, पाणीही धड उकळत नव्हतं. पोराने रडायचं सोडलं तर मला वाटलं, पोट भरलं. दुधाने नाही गेला तो, पोरी! माझ्या हाताने गेला! तुला सांगायची माझी छाती झाली नाही. दे, तिला दूध दे!"

अनिपाला हे आत पुन्हा सांगावं लागलं नाही, सगळ्यांनी ऐकलं होतं. ती झडपेची कडी धरून खाली बघत होती. नंतर तिने सगळ्यांना सांगितलं की खाली तालान्त आईकडे असा बघत होता, जणू ती परक्या घरातली कुणी बाई होती.

चोल्पोनने खिडकीकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पोरीच्या टोपीवर पडत होतं. मग ती म्हणाली, "एजे, पाणी माझ्यासमोर उकळा."

तुर्दुबुबूने मला कपाटातून काढलं, घासलं आणि शेगडीवरच्या पातेल्यात सोडलं. मित्रांनो, मला भीती वाटत होती. इतकी वर्षं थंडीत पडून राहिलेली काच उकळत्या पाण्यात तडकते. आणि मी तडकले, तर त्या खोलीत दुसरी बाटली नव्हती. पाणी खळखळलं. मी अंग आखडून बसले. तडकले नाही.

डॉक्टरांनी चोल्पोनला दाखवून आधी पाणी मोजलं, मग पावडर घातली. रबरी निपल लावायची मी वाट बघत होते. पण त्यांनी दूध एका छोट्या कपात ओतलं. "निपल नको. हिला पुढे आईच्या अंगावरच प्यायचंय." मी फक्त मापापुरती होते. एरवी मला ते लागलं असतं. त्या दुपारी मला स्वतःचं काही सुचतच नव्हतं.

पहिला घोट ओठांवरून ओघळून मानेवर गेला. दुसराही गेला. "गिळ गं बाई, गिळ," तुर्दुबुबू पुटपुटत होती. पोरीच्या गळ्यापाशी काही हलतंय का, इकडेच सगळ्यांचे डोळे होते. आणि हललं. एक बारीक उचकीसारखं. पुन्हा हललं. घोट घोट करत कप रिकामा झाला.

त्यानंतर किती वेळ गेला कोण जाणे. शेगडीत नवी लाकडं पडली. मग पोरीने तोंड वाकडं केलं आणि रडली. कर्कश, रागीट, भुकेलं रडणं. अनिपा म्हणाली, "आता आजीची नात शोभते!" आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

पुढचे दिवस प्रत्येक वेळी आधी आई, मग कप, असं चाललं. हळूहळू चोल्पोनला दूध उतरू लागलं. बुरुलकान रोज मटणाच्या रश्श्याचं भांडं दाराशी ठेवून जायची. हाक मारायची नाही. चोल्पोन तो रस्सा प्यायची, पण काही बोलायची नाही.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी डबा आणि मला चोल्पोनच्या हवाली केलं. अजून थोडे दिवस वरचं दूध लागणार होतं. दाराबाहेर तालान्त गाडीपाशी उभा होता आणि पायरीवर बुरुलकान. बाळ आधी आजीच्या हातात द्यायचं, ही तिथली रीत. तिने हात पुढे केले.

चोल्पोनने पोर दिली नाही. तिने त्या हातांत मला ठेवलं.

"आधी माप सांगा."

म्हातारीने माझ्या पोटावरच्या रेषांवर बोट टेकवलं. "आधी पाणी," ती म्हणाली. "खळखळ उकळलेलं, मग निवलेलं. या रेषेपर्यंत. मग डब्यातला चमचा. काठाशी सपाट. दाबायचा नाही, शीग लावायची नाही."

"आणि डबा संपत आला तर?"

बुरुलकानने मान वर केली. "तर गावाला सांगायचं. शेजारी जायचं, घाट बंद असला तर घोड्यावरून जायचं. ओरडायचं. पण पाणी वाढवायचं नाही."

चोल्पोनने मुलगी तिच्या हातात दिली. मला मात्र परत घेतलं आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधीतरी तान्हं बाळ येईल. त्याच्या आईला दूध येत असेल तर तिला निवांत बसू द्या, आणि येत नसेल तर तिला नावं ठेवू नका. बाळ डोळे उघडतंय ना, लंगोट ओला होतोय ना, ते बघा. डब्याचं दूध द्यावं लागलं तर द्या, पण माप चोख ठेवा. आणि घरात काही कमी पडत असेल, तर ते लाजेने पाण्यात मिसळू नका. वेळेवर, मोठ्याने सांगा. बुरुलकानने सांगितलं तेव्हा एका बाळासाठी उशीर झालेला होता आणि दुसऱ्या बाळासाठी नव्हता.