शेवटच्या कपाटातली बाई

मावशीने नळाखाली डोकं धरलं. थंड पाणी मानेवरून पाठीत उतरलं तरी ती हलली नाही. केस पुरते भिजल्यावर ती सरळ झाली आणि म्हणाली,

"एवढे पुरे, की अजून गळायला हवेत?"

"अजून थोडे," कॅमेऱ्यामागून ठकी म्हणाली. "कपाट उघडतं तेव्हा थेंब पडताना ऐकू यायला हवेत."

मावशी पुन्हा नळाखाली वाकली.

दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या तरणतलावाची ती कपडे बदलायची खोली होती. भिंतींना पांढऱ्या फरश्या, एका अंगाला पत्र्याची उंच कपाटं आणि पाणी उपसून टाकल्यावरही न गेलेला औषधाचा उग्र वास. ठकी सिनेमाच्या अभ्यासक्रमाला होती. या सत्रात तिच्या गटाला भयपटाचा ट्रेलर करायचा होता. सिनेमा बनायचा नव्हता. बनणार आहे असं वाटायला लावायचं होतं. त्याचं पोस्टर, त्याची जाहिरात, सगळं त्यांनीच करायचं. ठकीने गोष्ट रचली होती ती अशी: एकटी सराव करणारी एक पोहणारी मुलगी रोज या खोलीत येते, आणि रोज एकेक कपाट आपोआप उघडं राहिलेलं तिला दिसतं. शेवटचं तेवढं बंद असतं.

त्या शेवटच्या कपाटात काय असावं यावर गाडं अडलं होतं. आधी त्यांनी रबरी मुखवटा आणला होता. तो घालून वर्गातला एक जण कपाटातून बाहेर आला, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. ठकीने घरी येऊन ते सांगितलं. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली उशीची खोळ झटकून ती म्हणाली,

"मला घ्या की. रंगरंगोटीची कटकट वाचेल."

ठकीची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काहीतरीच काय बोलतेस, ताई."

"काहीतरी कशाला? आहे ते आहे."

मावशीचं लग्न झालं नव्हतं. ती ठकीच्या जन्मापासून त्यांच्याच घरी राहत होती. काही वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आपोआप गळलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. औषधं झाली, व्यायाम झाले. बोलणं सुधारलं, पण डावा गाल उतरला तो उतरलाच, आणि डावा डोळा आजही पुरता मिटत नसे. झोपताना ती तो बोटाने मिटून धरायची. चष्म्याच्या दुकानात तिची नोकरी टिकली, मात्र जागा बदलली. गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून देणारी मावशी आतल्या खोलीत काचा घासू लागली. बाहेर एक तरुण मुलगी आली.

मावशीने आपणहून सुचवलं, तेव्हा ठकीला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पण ती हो म्हणाली.

"मी काय करायचं?" ओल्या केसांनी कपाटात शिरताना मावशीने विचारलं.

"भयानक दिसायचं," लंबू म्हणाला आणि त्याने जीभ चावली. लंबू म्हणजे गटातला संकलक. आवाजही तोच बघायचा. उंच, बडबड्या, मनाने सरळ. "म्हणजे, मावशी, तसं नाही."

"अरे, तसंच की. पण मला अभिनय जमायचा नाही. मी नुसती बघते. गिऱ्हाईक आत येतं, त्याला काय हवंय ते त्यालाच ठाऊक नसतं, आपण थांबून राहतो. तशी."

"तशीच बघ," ठकी म्हणाली.

दार करकरलं. अंधारात आधी थेंब ऐकू आले, मग ओले केस आणि मग तो चेहरा. मावशी नुसती बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता की दुःख नव्हतं. कुणीतरी आपणहून बोलेल म्हणून ती थांबली होती, इतकंच. पोहणाऱ्या मुलीचं काम करणारी वर्गमैत्रीण ठरल्याप्रमाणे ओरडायचंच विसरली.

"हा शॉट म्हणजेच ट्रेलर," लंबू नंतर म्हणाला.

टॉवेलने केस पुसत मावशीने तो शॉट छोट्या पडद्यावर पाहिला. मग पुन्हा दाखवायला सांगितला. "बरी दिसतेय की," एवढंच म्हणाली आणि दुकानात उशीर होतोय म्हणून निघाली.

पुढचे दिवस संकलनात गेले. सर वर्गात सांगायचे की भीती दाखवायची नसते, भीतीची वाट बघायला लावायची असते. आधी आवाज काढून घ्या, मग श्वास काढून घ्या, मग द्या. ठकी आणि लंबू तेच करत बसले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, दूरवर नळ, एकेक दार, लांबत गेलेली शांतता. प्रत्येक वेळी शेवटी मावशी यायची, आणि सगळं ठाऊक असूनही ठकीच्या मानेवर काटा यायचा.

जाहिरातीची सुरुवात म्हणून त्यांनी इंटरनेटवर एकच चित्र टाकलं: उघडं कपाट, सावलीत मावशीचा चेहरा, खाली "शेवटचं उघडू नका". बघता बघता ते हातोहात पसरलं. ठकी खालची मतं वाचत गेली. मेकअप एक नंबर. झोप उडवलीत. ही बाई आणली कुठून? मग कुणीतरी लिहिलं होतं की हा मेकअप नाही, ही बाई खरीच अशी आहे, चष्म्याच्या दुकानात दिसते. त्याखाली हसरे चेहरे, आणि आणखी काय काय.

ठकीने चित्र काढून टाकलं. त्याच संध्याकाळी आईने तिला गॅलरीत बोलावलं.

"मी पाहिलं ते," आई म्हणाली. "मोठ्या पडद्यावर लावाल, लोक किंचाळतील. कुणाला बघून? माझ्या बहिणीला बघून. तिला बाजारहाट करायचा असतो, ठके. तिला या रस्त्यावरून रोज जायचं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने लंबूला शेवटचा शॉट बदलायला सांगितलं. त्याजागी एक हात आला: कपाटाच्या फटीतून हळूच बाहेर येणारा, कडेवर बोटं रोवणारा ओला हात. तो लंबूचाच होता. अंधारात बरा दिसला.

"चांगलं आहे," लंबू म्हणाला. "ते नाही, पण चांगलं आहे. मावशींना सांगितलंस का?"

"सांगेन."

पण सांगणं राहिलं. मावशी रोज काहीतरी विचारायची, आवाज लागला का, सरांनी पाहिलं का, आणि ठकी "होतंय" म्हणून वेळ मारून न्यायची. आपण तिच्या भल्यासाठीच केलंय, तिला नंतर पटेल, असं ती स्वतःला समजावत राहिली.

विभागाच्या सभागृहात दुपारी सगळ्या गटांचे ट्रेलर दाखवायचे होते. ठकी पडद्याशेजारी उभी होती. तिने मावशीला आत येताना पाहिलं. मावशी एकटी नव्हती. सोबत चष्म्याच्या दुकानाचे मालक होते आणि बाहेर बसणारी ती मुलगी होती. मावशीने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. एरवी कुठेही गेली की ती डावी बाजू भिंतीकडे करून कडेची खुर्ची धरायची. आज मधल्या रांगेत, मधोमध बसली. मालकांना तिने काहीतरी सांगितलं. बहुधा शेवटपर्यंत थांबा, असं.

दिवे गेले.

नळाच्या थेंबांनी सभागृह गप्प झालं. एक दार, दुसरं दार. शेवटचं कपाट करकरलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं, आणि हात बाहेर आल्यावर तर बरेच जण. मग हशा, मग टाळ्या. पडद्यावर नाव उमटलं. पडद्याच्या उजेडात ठकीला मधली रांग दिसत होती. मावशी पुढे झुकून बसली होती. नाव विझलं, पुढच्या गटाचा ट्रेलर सुरू झाला, तरी ती तशीच झुकलेली होती, जणू अजून काही यायचं राहिलं होतं.

बाहेर व्हरांड्यात मालकांनी ठकीचं कौतुक केलं. मग त्यांनी मावशीकडे वळून विचारलं,

"पण बाई, तुम्ही कुठे होतात यात? मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो."

ठकीने तोंड उघडलं. मावशी तिच्याआधी बोलली.

"तो हात माझा होता."

"अगंबाई," ती मुलगी म्हणाली. "मी त्या हाताला किती घाबरले, मावशी."

"बोटं जरा लांब वाटली," मालक म्हणाले.

"कॅमेऱ्यात तसं दिसतं," मावशी म्हणाली. मागे उभ्या असलेल्या लंबूने आपले दोन्ही हात खिशात घातले.

घरी जाताना दोघी पायीच निघाल्या. मावशी डाव्या हाताला, दुकानांच्या भिंतींकडून चालत होती.

"दार छान वाजलं," मावशी म्हणाली.

"मावशी, लोक काय काय लिहीत होते. तुला ठाऊक नाही."

"वाचलं मी. सगळं वाचलं."

"मग?"

"मेकअप एक नंबर म्हणाले, ते आवडलं मला." ती थोडी हसली. हसू उजव्या गालापाशीच थांबलं. "बाकीचं काही नवीन नव्हतं. नुसतं पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं."

"तुला त्रास होऊ नये म्हणून मी..."

"मालकही असंच म्हणाले होते. आत बसा, तुम्हाला त्रास नको." ती हे चिडून म्हणाली नाही. "वाईट माणूस नाही तो. तूही नाहीस."

सिग्नलपाशी त्या थांबल्या. पलीकडून येणाऱ्या एका बाईने मावशीकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. ठकीने हे आजवर किती वेळा पाहिलं असेल. आज तिला ती वळलेली नजर आपलीच असल्यासारखी वाटली.

"त्या कपाटातून मी बघत होते ना," मावशी म्हणाली, "तेव्हा तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात. सरळ. कुणी मान वळवली नाही. म्हटलं, आता तेवढं अख्ख्या सभागृहात होईल. ओरडतील, ओरडू देत. ओरडायला तरी बघावं लागतं."

ठकी तिच्याकडे वळली. "मी परत लावते तो शॉट. सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायचा ट्रेलर अजून हातात आहे."

"आता कसा लावशील? मी हाताचं सांगून बसले."

ती हे इतक्या गंभीरपणे म्हणाली की ठकीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. मावशीने तिच्याकडे न बघता पिशवीतून रुमाल काढून पुढे केला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघं पुन्हा त्या खोलीत आली. मावशीचा हट्टच होता: हात तरी खरा माझा घ्या, मला खोटं पाडू नका. तिने बाही वर केली, मनगटापर्यंत हात भिजवला आणि कपाटात जाऊन उभी राहिली. लंबूने माइक धरला. ठकीने कॅमेरा कपाटाच्या फटीवर लावला.

दार करकरलं. हात बाहेर आला. बोटं आखूड होती, काचा घासून टोकं चपटी झालेली. ती पत्र्याच्या कडेवर टेकली. आता दार थांबायचं होतं. ते थांबलं नाही. हळूहळू उघडत गेलं. ते मावशीने ढकललं की जुन्या बिजागरीमुळे सरकलं, हे कळायला मार्ग नव्हता. ठकीने कॅमेरा वर उचलला.

केस आज कोरडेच होते, नीट विंचरलेले. अंगावर निळी साडी. कपाटाच्या अंधारात मावशी उभी होती आणि बघत होती.

"हातच घेतेयस ना?" तिने ओठ फारसे न हलवता विचारलं.

"नाही," ठकी म्हणाली.

मावशीने मान वळवली नाही. लंबूने ठकीकडे पाहिलं. कट म्हणायची वेळ होऊन गेली होती. ठकीने कॅमेरा चालूच ठेवला. खोलीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं, आणि या वेळी तो आवाज कुणी मुद्दाम केलेला नव्हता.

बऱ्याच वेळाने मावशी कपाटातून बाहेर आली आणि तिने पदर सारखा केला.

"झालं? मग आता हाताचाही घे," ती म्हणाली. "उद्या मालक विचारतील."