कडब्याच्या खोलीचे दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. अणदूरच्या मल्लम्माच्या घरी, कडब्याच्या खोलीचे. मूळचे मी कडुनिंबाचे. दुपारच्या उन्हात डोळा लागला की अजून वाटते, अंगावर पोपट बसलेत. मग कुणीतरी कडी काढते आणि स्वप्न मोडते.

तेव्हा निजामाचे राज्य होते. मल्लम्माचा मुलगा शरणबसप्पा हैदराबादला एम.एस्सी. झाला होता आणि तिथल्याच, उर्दूतून शिकवणाऱ्या कॉलेजात त्याला प्राध्यापक व्हायचे होते. पण त्याचा नमुन्याचा पाठ ऐकून म्हातारे प्रोफेसर म्हणाले होते, "बरखुरदार, तुम्ही फळ्याला शिकवता. सुट्टीत घरच्यांना शिकवा, मग पुन्हा ऐकतो. तेव्हाही असंच झालं, तर जागा दुसऱ्याला." प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ते असेच गावी पाठवत.

गावात फळा कुठला? शरणबसप्पाने जवसाच्या तेलात काजळी खलली आणि मला माखले. तोंडाला काळे फासले म्हणून मी रुसले खरे, पण खडू टेकला आणि विरघळले. त्याची उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे, बिजागरीपासून कडीकडे चालत येत. इतक्या मायेने माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते. मागे घोंगडीवर त्याचे गुंडप्पाकाका घोरत असत.

"आरं शरण्या, कुणाला सांगायलास? दाराला?" मल्लम्मा विचारी.

तो कावराबावरा होई आणि पुन्हा माझ्याकडेच वळे. मला बरेच वाटे.

सुट्टी संपत आली. एका संध्याकाळी पाठ ऐन रंगात असताना गाय हंबरली. मल्लम्मा उठली. "सरक बाबा, वैरण काढू दे." तिने कडी काढून मला आत ढकलले, आणि अख्खा पाठ माझ्यासोबत अंधारात गेला.

शरणबसप्पासमोर आता नुसता कडबा. तो खडू धरून उभा राहिला, मग हळूच मागे वळला. त्याची नजर ओसरीवरच्या घागरीवर गेली.

"अव्वा, हिरीतून घागर वढताना कवा जड लागती गं?"

"पाण्याच्या भायेर आली की," मल्लम्मा म्हणाली.

"मग पाण्यात का न्हाय लागत?"

काका जागे झाले. "व्हय की रं! का न्हाय?"

"पाणीच तिला खालून उचलून धरतंय, काका."

दिवेलागण झाली तरी काका उठेनात. शरणबसप्पाने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. वाईट वाटले, खरे सांगते. पण त्याचा आवाज असा मोकळा कधी ऐकला नव्हता. कडब्याच्या वासात मला गुंगी आली. वाटले, मी पुन्हा झाड झाले आहे आणि माझ्या सावलीत बसून कुणी बोलते आहे.

त्याला ती जागा मिळाली. पाठ उर्दूतच झाला, पण घागरीपासून सुरू झाला, असे त्याने अव्वाला सांगितले.

पुढे निजामाचे राज्य गेले. माझी काजळी उडाली, वाळवी लागली. काका मला चुलीत घालायला निघाले, तोच शरणबसप्पा आपले दोन विद्यार्थी घेऊन आला. त्यांनाही प्राध्यापक व्हायचे होते.

"काका, ऱ्हाऊ द्या. ह्या दारानं मला मास्तर केलंय."

आता दर सुट्टीत नवी पोरे येतात, मला काजळी माखतात, माझ्याकडे बघत बोलत सुटतात. चांगली रंगली की शरणबसप्पा गुपचूप येऊन कडी काढतो आणि मला आत ढकलतो.

मित्रांनो, मला जपा. वाळवी झाडा, बिजागऱ्यांना तेल द्या. पण फळा छान झाला म्हणून खिळे ठोकून मला कधी बंद करू नका.