ब्लूटूथ चालू

"बाबा, पुन्हा कर्नल बांधायला घेतलंत? कशाला ही उठाठेव! नवा कॉम्प्युटर आणू या की!" मुलगा कानाशी तोंड नेऊन ओरडला.

म्हाताऱ्याने त्याला हातानेच गप्प केलं. उभा जन्म कॉम्प्युटरच्या पोटात हात घालण्यात गेलेला माणूस तो, आता हार मानतो होय! घरच्या मशीनचं कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा गाभा, पूर्वी त्यानेच बांधलं होतं आणि फुकटचं ओझं म्हणून ब्लूटूथला त्यातून हाकलून दिलं होतं. आता त्याच ब्लूटूथशी गाठ पडली. कानातली नवी श्रवणयंत्रं त्याच्याशिवाय मशीनशी जुळेनात.

सकाळी त्याने ब्लूटूथ चालू केलं खरं, पण बाहेरून खोचलेल्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, निवडायलाच विसरला. यंत्रं मुकीच! स्वतःला चार शिव्या हासडून तो पुन्हा बसला. हौस एकच होती. बायको गेल्यापासून परदेशातली लेक पडद्यावर नुसती दिसायची. भाऊबहीण आपसात बोलत, हा आपला हसून मान डोलवी. तिचा आवाज एकदा नीट ऐकायचा होता. तिला मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. पोरगी कशी चाट पडेल!

दुपारी मशीन पुन्हा सुरू झालं आणि कानात बारीक सूर वाजला. जुळलं!

मुलाने लगेच मशीनवरूनच बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिचा आवाज आता थेट म्हाताऱ्याच्या कानात जाणार होता, खोलीत दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नव्हता. लेक पडद्यावर आली. बापाकडे बघून गोड हसली, हात हलवू लागली आणि तशीच हसत भावाशी बोलली.

"दादा, त्यांना माझ्याकडे पाठवायचं खूळ डोक्यातून काढ हं. ठोंब्यासारखे बघत बसतात नुसते. खरं सांगू? आईच्या आधी हेच गेले असते ना, तर सगळेच सुटलो असतो."

आवाज अगदी तिच्या आईच्या वळणाचा होता.

"येतोय का?" मुलगा उतावीळ होऊन त्याचा दंड हलवत होता. "बाबा! काय म्हणतेय ती?"

"तब्येत विचारतेय," म्हातारा म्हणाला. मग पडद्याकडे वळला. "येतोय गं आवाज, बाळा. अगदी स्वच्छ येतोय."

मुलाने खुशीत टाळी वाजवली. पडद्यावर लेकीचा हात तसाच वर राहिला होता.