ताईने घातलेली शपथ

धाकट्याने सिगारेट सोडावी म्हणून ताईने जिवाचं रान केलं, आणि एवढं सगळं करून झाल्यावर, जे करू नका म्हणून तिला बजावून सांगितलं होतं, नेमकं तेच करून बसली. जिवाभावाची माणसं असंच करतात. परक्याला एवढी मोठी चूक जमतच नाही.

घरात दोघंच. वडील सिगारेटी ओढून ओढून छातीने गेले. शेवटी शेवटी ते उशांच्या ढिगाला टेकून बसलेले असत, आणि घोटभर हवेसाठी त्यांच्या तोंडाची नुसती उघडझाप चाललेली असे. आईही त्यांच्या मागोमाग गेली. ताई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात दिवसभर कॉलर लावायची आणि भाऊ काचेच्या दुकानात काच कापायचा. चाळिशीला टेकला तरी तो धाकटाच. त्याला बायपोलरचा आजार होता. घरात त्या आजाराला दोनच शब्द होते. महिनोन् महिने तो नीट असायचा, मग कधी 'वर' जायचा, कधी 'खाली'. वर गेला की झोप उडायची, जीभ थांबायची नाही, आणि जग आपल्यावाचून अडलंय असं त्याला वाटायचं. खाली गेला की अंथरुणातून उठवताना ताईच्या नाकी नऊ यायचे. 'वेडा' हा शब्द मात्र त्या घरात कुणी चेष्टेतही काढत नसे.

वर असो, खाली असो, सिगारेट कायम. आधीचे डॉक्टर म्हणायचे, राहू द्या हो, तेवढंच एक सुख आहे त्याला. ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. धडधाकट माणसाला हेच डॉक्टर सिगारेटवरून झाडतात, आणि माझ्या भावाची छाती तेवढी वाऱ्यावर सोडतात? धाकटा सकाळी खोकायला लागला की तिला त्या उशा दिसायच्या.

मग नव्या डॉक्टरबाई आल्या. सिगारेट सोडवणाऱ्या एका माणसाला त्यांनी दवाखान्यात खोली देऊन बसवलं होतं. हा गृहस्थ स्वतः एके काळी पाकिटंच्या पाकिटं ओढायचा. ताईने त्याचं नाव धूरवाले ठेवलं. त्याच्या टेबलावर एक यंत्र होतं. त्यात फुंकलं की छातीत सिगारेटचा धूर आहे की नाही ते कळायचं.

धूरवाल्यांनी पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगितलं की सिगारेटचा धूर रात्रीच्या गोळीचं औषध अंगातून भराभर संपवून टाकतो, म्हणून ओढणाऱ्याला गोळी जास्त लागते. सोडली की तीच गोळी जड होते, मग ती कमी करावी लागते. आणि पुन्हा ओढायला लागला, तर ती कमी केलेली गोळी पुरत नाही. "म्हणून ओढलीत तर ओढलीत," ते धाकट्याला म्हणाले, "पण त्याच दिवशी येऊन सांगायचं. मला नापास झालेली मुलं चालतात, लपवणारी नाही चालत." मग ताईकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही. रागवायचं नाही, रडायचं नाही, आणि शपथा-बिपथा तर अजिबात घालायच्या नाहीत."

ताईने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

धाकट्याने खरंच सोडली. दंडावर निकोटीनची पट्टी चिकटवून, दात-ओठ खात, दुकानात कात्रण-काचांचा डबा लाथेने सरकवत सोडली. पुढे झालंही धूरवाल्यांनी सांगितलं तसंच. तो दिवसाढवळ्या पेंगायला लागला, एकदा तर काच कापायच्या टेबलावरच झोपला. डॉक्टरबाईंनी गोळी कमी केली आणि तो जागा झाला. खोकला गेला. यंत्रात फुंकल्यावर धूरवाले इतके खूश झाले की त्यांनी उठून त्याचा हात हातात घेतला.

त्या दिवशी घरी आल्यावर ताईला भरून आलं. दृष्ट लागण्यासारखं चांगलं चाललं होतं, आणि चांगलं चाललं की तिला भीती वाटायची. तिने धाकट्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला," ती म्हणाली. "परत ओढलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." तो हसला आणि बरं म्हणाला. ताईला वाटलं, आता पक्कं झालं. शिवण दोनदा मारली की उसवत नाही, तसं.

ती उसवली कामावर. एका मोठ्या घराच्या जिन्यावरची काच बसवताना धाकट्याच्या हातून कोपरा निसटला आणि काच गेली. मालकाने गिऱ्हाइकासमोर त्याचा पाणउतारा केला, गोळ्या खाणारी माणसं कामावर ठेवली की असंच होतं, असं म्हणाला. तिथेच काम करणाऱ्या गवंड्याने माणुसकी म्हणून एक सिगारेट पुढे केली. गवंड्याचा तरी काय दोष?

संध्याकाळी धाकटा घरी आला आणि बराच वेळ हात धूत उभा राहिला. मग घरच्या मशीनवर उरलेल्या कॉलरी शिवत बसलेल्या ताईजवळ येऊन म्हणाला, "ताई, सुटली म्हण ना."

ताईला लगेच कळलं तो काय मागतोय ते. लहानपणी दोघं एकमेकांना उठता-बसता शपथा घालायची. ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हणेपर्यंत दुसऱ्याची सुटका नसायची. एकदा ती शपथ घालून विसरल्यामुळे हा अख्खा दिवस उंबऱ्याच्या आत पाय ठेवायला तयार नव्हता. तेव्हापासूनच तो असा होता. शब्द दिला की त्याच्या मानेवर बसायचा. हे सगळं ताईला आठवलं, आणि तरी तिने कॉलर फिरवत हसून उत्तर दिलं.

"ती आता मी मेल्यावरच सुटेल."

तो परत हात धुवायला गेला. एवढंच विचारायला हवं होतं, की का रे, काय झालं? पण ताईला वाटलं, शपथ सैल केली की हा ओढणार. तो ओढून आलाय, हे तिच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर धाकट्याने ताकास तूर लागू दिला नाही. दवाखान्याची तारीख आली की आदल्या दिवसापासून तो सिगारेटला शिवायचा नाही. धूर छातीत दिवसभरापेक्षा जास्त टिकत नाही, हे त्याला ठाऊक झालं होतं. यंत्र फसलं, धूरवाले फसले. बाकीचे दिवस तो ओढत राहिला, आणि ती कमी केलेली गोळी रोज इमानाने घेत राहिला.

आणि ताई? ताई आनंदात होती. भाऊ टवटवीत दिसायला लागला, गुणगुणायला लागला. एका रविवारी त्याने सगळ्या इमारतीच्या खिडक्या पुसून लख्ख केल्या. पहाटेच उठून घर झाडू लागला. सिगारेट सोडल्यावर माणसाला केवढी हुशारी येते बघा, असं ती कारखान्यात सांगत सुटली. हीच बाई, जी वर्षानुवर्षं त्याच्या नुसत्या चालीवरून 'वर' ओळखायची. पण या वेळी तिला ते ओळखायचंच नव्हतं.

मग तो तिला जपायला लागला. रस्ता ओलांडताना तिचा दंड धरी. कात्री तिच्या हातातून काढून घेई. तिला ठसका लागला की तोंडातला घास तसाच ठेवून टक लावून बघत बसे. सकाळी तिला कारखान्यात सोडी आणि संध्याकाळी फाटकाशी उभा असे. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "नशीब काढलंस हो, असा भाऊ कुणाला मिळतो." ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

एक दिवस तो फाटकाशी आला नाही. त्या दुपारी वीज गेली म्हणून कारखाना लवकर सुटला, तेव्हा त्याला कळलं नसेल असं समजून ती एकटीच घरी आली. जिना चढतानाच वारा लागला. दार उघडंच होतं. घरात वारा नुसता थैमान घालत होता, कारण खिडक्यांना काचा नव्हत्या. एकही नव्हती. काढलेल्या सगळ्या काचा भिंतीला टेकवून ओळीने उभ्या होत्या, मध्ये रद्दी घालून, अगदी दुकानातल्यासारख्या. त्यांत कपाटाचा आरसा होता. वडिलांच्या फोटोवरची काच होती. फोटो तेवढा खाली पालथा पडला होता.

धाकटा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चढून वरच्या झरोक्याची काच सोडवत होता. ही शेवटची.

"चपला काढू नकोस," तो मागे न बघता म्हणाला. "कुठे बारीक तुकडा असेल."

"हे काय चालवलंयस?"

तो बोलायला लागला आणि थांबेना. त्याने ओढली होती. पहिली ओढली त्या दिवशी तिला शिंका आल्या. दुसरीच्या वेळी तिच्या बोटात सुई गेली. मग तो रोज ओढत गेला आणि रोज तिच्यावर नजर ठेवत गेला. डोळ्यांत तेल घालून राखलं म्हणून ती जिवंत होती, नाहीतर शपथेने तिला कधीच नेलं असतं. आता पाळी काचेची आहे, हे त्याला आज पहाटे कळलं होतं. म्हणून घरातली काच संपवायची होती. एवढी एक निघाली की झालं. त्याचे डोळे लाल झाले होते, ओठ सुकले होते, आणि चेहऱ्यावर एवढी माया होती की ताईला तिकडे बघवेना.

आपण काय करून ठेवलं, ते तिला तेव्हा सगळं एकदम कळलं.

"सुटली," ती म्हणाली. "शपथ सुटली. ऐकतोयस ना? मी सुटली म्हणतेय."

त्याचे हात थांबले. तो वळला. "खरं?"

"खरं. खाली ये."

असं म्हणत ती दोन्ही हात पुढे करून ओट्याकडे धावली. तेवढ्यात सुटी झालेली काच झरोक्यातून कलली आणि आत घसरली, सरळ तिच्या अंगावर.

काचेच्या धंद्यात पोरगा नवा लागला की सगळ्यात आधी त्याला एक गोष्ट शिकवतात. पडत्या काचेला हात घालायचा नाही. पडू द्यायची, मागे सरायचं. धाकट्याने उभ्या आयुष्यात हा नियम मोडला नव्हता. त्या दिवशी त्याने दोन्ही हातांनी काच धरली. ताईला ओरखडासुद्धा आला नाही.

डाव्या हाताची जखम भरून आली. उजव्या तळव्यातल्या शिरा मात्र मनगटापर्यंत तुटल्या होत्या. टाके घालून झाल्यावर सर्जन म्हणाले, अंगठा चालेल, बोटांचं सांगता येत नाही. मग त्याला मनोविकारांच्या वॉर्डात हलवलं. डॉक्टरबाईंनी तपासून गोळी वाढवली. ओढणाऱ्या माणसाला ती गोळी फारच थोडी होती, एवढंच त्या म्हणाल्या. धूरवालेही येऊन गेले. त्यांनी चार शब्द सुनावावेत, निदान 'मी सांगितलं होतं' एवढं तरी म्हणावं, म्हणून ताई मान खाली घालून उभी होती. यंत्रावर फार विसंबलो, असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. ताईला ते जास्त लागलं.

तो हळूहळू खाली आला, आणि मग जरा जास्तच खाली गेला. घरी सोडलं त्या दिवशी दोघं दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसली. धाकटा मांडीवरच्या हाताकडे बघत होता. दोन बोटं वळत नव्हती. त्या हातात काच कापायचा हिरा पुन्हा धरता येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. मालकाने तर दुसरा माणूस ठेवलाही होता.

"ताई," तो म्हणाला, "एक ओढावीशी वाटतेय."

वॉर्डात त्याने एकही ओढली नव्हती. ताईला उशा आठवल्या, वडिलांचं तोंड आठवलं. वाटलं, याच्या पाया पडावं, गळा काढून रडावं. पट्टी लाव म्हणून तिने एकदा सांगून पाहिलं. त्याने नको म्हटलं.

ती उठली, समोरच्या टपरीवरून एक सिगारेट आणि काडेपेटी घेऊन आली. त्याला काडी ओढता येईना. मग ताईनेच काडी पेटवली आणि ज्योत त्याच्या तोंडापाशी धरली. त्याने डाव्या हाताने सिगारेट धरून तीन-चार झुरके घेतले, खोकला, आणि उरलेली बाकाच्या कडेला विझवली.

"उद्या डॉक्टरबाईंना सांगायचं," ताई म्हणाली. "धूरवाल्यांनाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या वाकड्या बोटांचा हात तो उचलू लागला, तिच्या डोक्यापर्यंत न्यायला. "शपथ?"

ताईने तो हात वाटेतच धरला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "नुसतं सांगायचं."